जुन्या यंत्रास नवा कारभारी

२०२५ सालच्या खंडेनवमीस आमच्या नेवाशाच्या घरीं पूजेंत मांडलेलीं हत्यारें येणेंप्रमाणें होतीं: शेतावरील दोन कोयते, एक विळी, अडकित्ता, शिवणाचें यंत्र आणि तात्यांचा लॅपटॉप. तात्या म्हणजे आमचे चुलते. ते २०१९ च्या उन्हाळ्यांत निवर्तले. तेव्हांपासून त्यांच्या त्या यंत्रास काकूंखेरीज कोणी हात लावीत नसे, आणि काकूही दोनच निमित्तांनीं लावीत. एकादशीस तें घटकाभर विजेवर ठेवून चालू करण्यासाठीं, आणि खंडेनवमीस हळदकुंकू वाहण्यासाठीं. पुढें तें उघडण्याची वेळ आली तेव्हां कळफलकाच्या फटींतून चिमूटभर कुंकू आणि सात अक्षता निघाल्या. वर्षास एक याप्रमाणें हिशेब चोख जुळतो, असें आमच्या सूनबाईंनीं तेथल्या तेथें दाखवून दिलें.

या यंत्राची एवढी प्रतिष्ठा कां, हें आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या घरीं मोडी कागदांचे अकरा रुमाल आहेत. वतनाचे, देण्याघेण्याचे, लग्नमुंजींच्या खर्चाचे असे ते कागद आहेत. छापखाने आले, बाळबोध लिपीनें सर्वत्र बैठक मारली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. तात्यांना ती त्यांच्या वडिलांनीं शिकविली होती. तात्यांच्या मागें घरांत मोडी वाचणारें कोणी उरलें नाहीं. कागद आमचे, त्यांवरील नांवें आमच्याच पूर्वजांचीं, आणि आम्ही त्यांच्याकडे परमुलखांतल्या पत्रांकडे पाहावें तसे पाहत बसतों. तात्यांनीं शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यावर वीस वर्षें हे रुमाल एकेक करून सोडले आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. चारशें बारा पानें. तीं सर्व त्या लॅपटॉपांत होतीं आणि अन्यत्र कोठेंही नव्हतीं.

हें वाचून शहाणे वाचक कपाळास हात लावतील. त्यांतून आम्ही स्वतः तीस वर्षें बँकेंत काढलेले. दिवसाच्या व्यवहाराची प्रत काढल्यावांचून संध्याकाळीं जागेवरून उठावयाचें नाहीं, हा तेथला शिरस्ता. घरीं मात्र तो आम्हांस एकदांही आठवला नाहीं. याचें निम्में कारण आळस आणि निम्में कारण काकूंचा धाक. त्या धाकासही आधार होता. २००८ सालीं तात्यांजवळ मेजावरचा मोठा संगणक होता. तो फार संथ झाला म्हणून एका दुकानांत दाखविला, तों त्या गृहस्थांनीं एक शब्द न विचारतां सगळी डिस्क कोरी करून नवी विंडोज बसवून दिली, आणि वर तात्यांस सांगितलें कीं, आतां यंत्र अगदीं नव्यासारखें झालें. चाळीस पानें गेलीं. तात्यांनीं तीं साऱ्या पावसाळ्यांत पुन्हां लिहिलीं, आणि त्या पावसाळ्यांत ते घरांत कोणाशीं फारसें बोलले नाहींत. काकूंनीं तें पाहिलें होतें. म्हणून पुढें २०११ सालीं लॅपटॉप आला तेव्हां त्यांनीं निक्षून सांगितलें, कीं याच्या आंत कोणी कांहीं नवें घालावयाचें नाहीं.

यंत्राच्या आंत जी ऑपरेटिंग सिस्टीम असते ती म्हणजे वाड्यावरच्या कारभाऱ्यासारखी. लिहिण्याचें सॉफ्टवेअर, छपाईचें, पत्रव्यवहाराचें, हीं सारीं मंडळी यंत्राशीं थेट बोलत नाहींत, कारभाऱ्याच्या मार्फत बोलतात. कारभारी जुना झाला म्हणून वाडा पडत नाहीं. परंतु नवीं येणारीं माणसें त्याची भाषा बोलेनाशीं होतात, आणि दाराला कडी आहे कीं नाहीं हें पाहणारें कोणी राहत नाहीं. तात्यांच्या यंत्रावर विंडोज ७ होती. ती २००९ सालीं निघाली आणि १४ जानेवारी २०२० रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तिची देखभाल थांबविली. २०२३ च्या आरंभीं क्रोम ब्राउझरनेंही तिचा हात सोडला. घरीं नवें छपाईयंत्र आलें त्यानें तात्यांच्या लॅपटॉपास ओळखच दिली नाहीं. आम्हीं यांतलें एकही मनावर घेतलें नाहीं, कारण त्या लॅपटॉपावर कोणास कांहीं छापावयाचेंच नव्हतें.

मनावर घेण्याची पाळी आली ती निराळ्याच वाटेनें. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. २०१५ सालीं ती निघाली तेव्हां कंपनीच्याच एका माणसानें, ही विंडोजची शेवटची आवृत्ति, असें भर सभेंत सांगितलें होतें. सहा वर्षांनीं विंडोज ११ निघाली. या नव्या आवृत्तीस टीपीएम नांवाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या आसपासचा किंवा त्यापुढचा लागतो. ज्यांचीं यंत्रें त्याहून वडील आहेत त्यांनीं काय करावें? नवीं घ्यावींत. कॅनालिस नांवाच्या संस्थेनें २०२३ सालीं असा अंदाज केला होता, कीं या एका कारणानें जगांतील सुमारें २४ कोटी संगणक भंगारांत निघतील. धडधाकट यंत्र केवळ कारभाऱ्याची मुदत संपली म्हणून उकिरड्यावर टाकणें आम्हांस तरी रुचत नाहीं; दूध नासलें म्हणून कोणी पातेलें फेकीत नाहीं.

दिवाळीस आमचा पुतण्या पुण्याहून आला. त्याचा धंदाच हा. पाडव्याच्या दुपारीं त्यानें घरांतलीं सगळीं यंत्रें ओसरीवर मांडून वैद्यासारखी तपासणी केली. आमच्या चिरंजीवांचा लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र ठरला. सूनबाईंचा ठरला नाहीं. परंतु कंपनीनें विंडोज १० ला सुरक्षेपुरती आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत ठेविली आहे, ती त्यानें घेऊन दिली. मग त्यानें तात्यांच्या लॅपटॉपास कान लावला आणि त्याचा चेहरा बदलला. आंतली डिस्क टकटक वाजत होती.

“काकूआजी, ही फार दिवस टिकावयाची नाहीं,” तो म्हणाला.

“ह्यांचें यंत्र आहे तें. त्याला कोणी हात लावूं नये.”

“हात लावला नाहीं तरी ती जाणार. उद्यां जाईल, नाहीं तर पुढल्या एकादशीस, तुम्ही चालू कराल तेव्हांच.”

काकू कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मागचा तो दुकानदारही असाच गोड बोलत होता.”

पुतण्यानें वाद घातला नाहीं, याबद्दल आम्हांस त्याचें कौतुक वाटतें. तो म्हणाला, “मी आंतलें कांहीं पुसणारच नाहीं. आधीं दोन प्रती काढतों. मग ही जुनी डिस्क जशीच्या तशी बाहेर काढून तुमच्या हातांत देतों. नवा कारभारी नव्या डिस्कवर बसेल. जुनीवर कोणाची सावलीही पडावयाची नाहीं.”

“माझ्या हातांत देशील?”

“तुमच्याच.”

एवढ्यावर परवानगी मिळाली. आमच्या मतें जुनें यंत्र नवें करण्याची हीच एक सभ्य रीत आहे. पुसण्याचें नांव न काढतां जुनें बाजूस ठेवावें आणि नव्यास नवी जागा द्यावी. चारशें बारा पानांचें तें काम पेन ड्राइव्हवर उतरावयास एक मिनिटही लागलें नाहीं. इतकीं वर्षें आम्ही काय करीत होतों हें कोणी विचारलें नाहीं; काकूंनीं आमच्याकडे एकदां पाहिलें मात्र.

दुसऱ्या दिवशीं भाऊबीज उरकून पुतण्या सावेडीस जाऊन सामान घेऊन आला. स्मरणशक्ति दोन जीबी होती ती आठ केली, फिरत्या तबकडीच्या डिस्केऐवजीं चक्ती नसलेली एसएसडी बसविली; मिळून साडेतीन हजार रुपये झाले. विंडोज ११ या यंत्रास चालणार नव्हती, आणि मुदत संपलेल्या विंडोज १० ची खटपट करण्यांत अर्थ नव्हता. तेव्हां त्यानें लिनक्स मिंट बसविली. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिहावयास घेतला. पुढें जगभरच्या लोकांनीं तो वाढविला. त्याला पैसा पडत नाहीं, आणि तो चौदा वर्षांच्या यंत्रास म्हातारें म्हणत नाहीं. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें याच जातीच्या सिस्टीमवर शिकतात, असें पुतण्यानें सांगितलें. दिवेलागणीस यंत्र सुरू झालें. पूर्वीं तें चालू करून काकू तुळशीस पाणी घालून येत तरी उघडलेलें नसे. आतां पाणी पिऊन होतें न होतें तों समोर हजर.

मग तात्यांची फाइल उघडली.

पडद्यावर रोमन अक्षरें, टिंबें, आकडे, उलटीं प्रश्नचिन्हें यांचा नुसता पसारा पडला होता. पानामागून पान खालीं नेलें, सर्वत्र तेंच. मराठीचा एक काना म्हणून दिसेना. काकूंनीं पाहिलें आणि त्या उठून माजघरांत गेल्या.

हें काय झालें तें आम्हांस पुढें पुतण्यानें समजावून दिलें, तें येथें सांगतों, कारण ज्यांच्या घरीं पंधरावीस वर्षांपूर्वीं टंकलेलें मराठी आहे त्या प्रत्येकावर हा प्रसंग येणार आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत अक्षरांस स्वतःचें घर नव्हतें. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बिऱ्हाडकरू म्हणून बसविलेले असत, आणि प्रत्येक फाँट करणाराची बसवणूक निराळी. यंत्र मनांत रोमन चिन्हच ठेवी; फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवी. मुखवटा नसेल तर खालचें रोमन उघडें पडावयाचें. युनिकोडनें ही स्थिति पालटली. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि भारतीय लिपींसाठीं आपल्याकडे आधीं ठरलेल्या इस्की या मानकाच्या धर्तीवर तींत देवनागरीस १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली. आतां ‘क’ हा जगांतील कोणत्याही यंत्रांत ‘क’च असतो. तात्या मात्र आपल्या जुन्या फाँटासच धरून होते. सारा जन्म लिपि बदलल्याचें दुःख करणाऱ्या माणसाच्या हातून असें व्हावें, याचा विचार त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना. त्यांनीं मोडींतून सोडवून आणलेले पूर्वज दुसऱ्या एका मोडींत जाऊन बसले होते.

तो मुखवटा, म्हणजे फाँटाची फाइल, जुन्या डिस्कवर होती. पुतण्यानें प्रती काढतांना लिखाण तेवढें घेतलें आणि फाँट घेण्याचें तो विसरला, हें त्यानें स्वतःच कबूल केलें. जुनी डिस्क तर काकूंच्या ट्रंकेंत, मोडी रुमालांच्या शेजारीं, खणाच्या तुकड्यांत गुंडाळून गेलेली. ती परत मागावयाची कोणी? अखेर सूनबाई गेल्या. अर्धा तास आंत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. काकू स्वतः डिस्क घेऊन बाहेर आल्या, आणि ती वायरीनें जोडून फाँट उतरवून घेईपर्यंत पुतण्याच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. टकटक चालूच होती. फाँट बसला, फाइल पुन्हां उघडली, आणि पहिल्याच ओळींत ‘श्रीगजानन प्रसन्न’ अशीं तात्यांचीं ठसठशीत अक्षरें उभीं राहिलीं. त्या फाइलीवर शेवटचा हात फिरल्याची तारीखही जुन्या डिस्कवर होती; तात्यांनीं अंथरूण धरण्याच्या आदल्या आठवड्यांतली. पुतण्यानें ती कागदावर लिहून घेतली.

वाचतां आलें, मग आणखी काय हवें, असें आम्हीं म्हटलें. परंतु हा मजकूर दुसऱ्या कोणास धाडला तर त्याच्या यंत्रावर पुन्हां तोच पसारा. त्यांत एखादें नांव शोधूं म्हटलें तर सांपडावयाचें नाहीं. आणि भर घालावी तर तात्यांचें टंकनाचें सॉफ्टवेअर नव्या कारभाऱ्याकडे चालत नाहीं. तेव्हां सर्व युनिकोडांत आणणें प्राप्त होतें. तें काम करणारीं साधनें आहेत. चारशें बारा पानें पापणी लवते न लवते तों रूपांतरित झालीं आणि त्यांत हजारों चुका निघाल्या. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं आणि रफार अक्षराच्या नंतर साठविलेला असतो, युनिकोडांत अगदीं उलट. अदलाबदल करतांना साधन गोंधळतें. ‘वार्षिक’चें ‘वाषिर्क’ आणि ‘आर्थिक’चें ‘आथिर्क’ झालेलें आपण वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांत पाहिलें असेल; तीच ही गोष्ट. याला उपाय एकच, मुद्रितें तपासतात तसें अक्षर न् अक्षर तपासणें.

आणखी एक खोड काकूंनीं काढली. नव्या पानावर दृष्टि जातांच त्या म्हणाल्या, “हा ल आपला नव्हे.” खरेंच तो नव्हता, हिंदी वळणाचा दांडीचा ल होता. पाकळीचा ल आणि देठाचा श हींच मराठीचीं रूपें, असें महाराष्ट्र सरकारनें २००९ सालीं निर्णय काढून सांगितलें आहे, परंतु यंत्रास तें कोणी सांगावें? पुतण्यानें सर्व मजकुराची भाषा हिंदीऐवजीं मराठी अशी नेमून दिली, आणि त्याच नोटो फाँटांतला सगळा ल एका क्षणांत पाकळ्या उमलून बसला. काकूंचें नव्या यंत्राविषयीं जें थोडें बरें मत झालें तें याच क्षणीं झालें असावें. तरी त्यांस जुनें अक्षर अधिक आवडतें, आम्हांसही.

तपासणीचें काम दिवाळीनंतर सुरू झालें तें माघ सरेपर्यंत चाललें. रोज रात्रीं जेवणें आटोपलीं कीं दोन लॅपटॉप शेजारीं शेजारीं. एकावर तात्यांचें अक्षर, दुसऱ्यावर नवें. काकूंनीं एक्याऐंशीव्या वर्षीं मोठ्यानें वाचावें, सूनबाईंनीं दुसऱ्यावर बोट धरून चुका सुधाराव्या. रात्रीं चार पानें. आमच्याकडे चहाचें काम होतें. चिरंजीवांचें मत पडलें, कीं तात्यांनीं सर्वत्र ‘जिल्हा अहमदनगर’ लिहिलें आहे आणि २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तर तेंही जातां जातां बदलावें. शिवाय एका मुंजीचा शक चुकीचा दिसतो तो सुधारावा. काकूंनीं दोन्ही गोष्टी नाकारल्या. “नाथांनीं काय केलें?” एवढेंच त्यांनीं विचारलें. नेवाशाच्या माणसास याहून अधिक सांगावें लागत नाहीं. शके १२१२ मध्यें याच गांवीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढें तीन शतकें नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले तेव्हां शेजारच्या पैठणच्या एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें प्रती ताडून ती शुद्ध केली. वर, तींत कोणीं आपली ओवी मिसळूं नये अशी ताकीद देऊन ठेविली. तेव्हां ठरलें असें, कीं यंत्रानें केलेली चूक सुधारावी, तात्यांनीं केलेली तशीच ठेवावी, आणि ज्यास कांहीं सांगावयाचें असेल त्यानें निराळी पुरवणी लिहावी.

ही पुरवणी लिहिण्याचें काम आमच्याकडे येईल असा आमचा समज होता.

साठाव्या पानाच्या सुमारास वाचतां वाचतां काकू थांबल्या. ‘यांस पुत्र तीन, कन्या दोन’ असें तेथें होतें. पुत्रांचीं नांवें, त्यांचे पराक्रम, त्यांचीं कर्जें, सर्व पुढें दिलेलें. कन्यांचा विषय तेथेंच संपला. पुढल्या पानांवरही तसेंच. काकूंचें स्वतःचें नांव एकशें सत्तेचाळिसाव्या पानावर आहे, आणि तेंही लग्नांत ठेवलेलें. संगमनेरास जन्मल्या तेव्हांचें त्यांचें नांव वृत्तांतांत कोठें नाहीं. सूनबाई थोड्या तापल्या. काकू मात्र म्हणाल्या, “ह्यांना कागदांत जें मिळालें तें ह्यांनीं लिहिलें. आमचीं नांवें कागदावर नसतात, बायकांच्या तोंडीं असतात.” आणि दुसऱ्या रात्रीं चार पानें झाल्यावर त्या उठल्या नाहींत. त्या सांगूं लागल्या, सूनबाई नव्या यंत्रावर टंकूं लागल्या.

त्या पुरवणीचीं आज चौतीस पानें झालीं आहेत. माहेरचें नांव, माहेरचें गांव, कोणाची किती बाळंतपणें झालीं आणि किती मुलें जगलीं, कोण विधवा होऊन माघारीं आली आणि स्वयंपाकघराच्या कोणत्या कोपऱ्यांत तिनें चाळीस वर्षें काढलीं, हें त्यांत आहे. आमच्या सख्ख्या आजीस तिच्या माहेरीं काय म्हणत हें आम्हांस पासष्टाव्या वर्षीं कळलें. तात्यांनींच लिहिलेल्या कांहीं गोष्टी पुरवणींत अगदीं निराळ्या रीतीनें येतात. एका थोर पूर्वजानें ‘सर्वस्व विकून’ ऋण फेडल्याचें जें वर्णन आहे, तें सर्वस्व म्हणजे त्याच्या बायकोचे दागिने होते, असें काकूंच्या सासूबाईंनीं त्यांना सांगितलेलें होतें. आम्हीं विचारलें, हें असेंच जाऊं द्यावयाचें? काकू म्हणाल्या, “त्यांचें पान त्यांच्या जागीं आहे. आम्हीं त्यांत ओवी घातलेली नाहीं.”

दोन्ही भाग आतां पुण्यास, नागपुरास आणि अमेरिकेंत न्यू जर्सीस असलेल्या आमच्या बंधूंकडे गेले आहेत, आणि सर्वत्र पाकळीच्या लसह उघडतात. जुनी डिस्क ट्रंकेंत आहे. काकू एकादशीस लॅपटॉप अजून विजेवर ठेवतात, जरी त्याची आतां गरज नाहीं, कारण तो रोजच चालतो.

फक्त एक जागा अडली आहे. तात्यांच्या पणजोबांच्या प्रथम कुटुंबाचें नांव कोणालाही सांगतां येत नाहीं. कागदांत ‘प्रथम संबंध’ एवढेंच आहे. श्रीरामपूरच्या आत्याबाईंना कदाचित् ठाऊक असेल. त्या चैत्रांत गौरीच्या हळदीकुंकवास यावयाच्या आहेत. सूनबाई ती ओळ वगळून पुढें जाऊं लागल्या तेव्हां काकूंनीं त्यांस थांबविलें आणि सांगितलें, “वगळूं नकोस. तेवढी जागा कोरी ठेव.”